निघालोच!

आमच्या शिंदखेड्याच्या जिभाऊंना सध्या युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर विचारा, उत्तर तयार असतं. लंडन-पॅरिस? "३४४ किलोमीटर. विमानानं सव्वा तास." माद्रिद-लिस्बन? "पाचशे. तेही सव्वा तासच." हेलसिंकी-टॅलिन? "ऐंशी. अर्धा तास. वर गेलं की लगेच खाली." तंबाखू मळता मळता ते हे अशा थाटात सांगतात, की कालच टॅलिनच्या स्टँडवर उतरून आले असावेत. प्रत्यक्षात पश्चिमेकडं त्यांची मजल सुरतेपलीकडं कधी गेलेली नाही. तीही उधन्याला, साडूच्या मुलाच्या लग्नात. आणि पोचले तेव्हा पंगती उठून मंडपवाला खांब उपटत होता.

या नादाचं मूळ म्हणजे त्यांचा मुलगा. तो व्हिएन्नात नोकरीला आहे. मागं गावी आला तेव्हा त्यानं बापाच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. जगातलं जवळपास कुठलंही प्रवासी विमान या घडीला कुठं आहे, कुठून निघालं, कधी उतरणार, सगळं त्यात दिसतं. तेव्हापासून जिभाऊ सकाळी चूळ भरायच्या आधी युरोपातली विमानं मोजतात. वहिनी म्हणतात, "पूर्वी म्हशी मोजायचे. तेव्हा निदान दूध तरी मिळायचं."

हा मुलगा माझा विद्यार्थी. मी भूगोलाचा शिक्षक. याच गावात उभा जन्म मी काठीच्या टोकानं जगभर फिरलो आणि संध्याकाळी पायी घरी आलो. ज्या डॅन्यूब नदीची लांबी मी पोरांकडून घोकून घेतली, ती नदी भेटली तर मला ओळखणारही नाही. नववीच्या वर्गात या पोराला मी ऑस्ट्रियाची राजधानी विचारली, तेव्हा तो ठामपणे 'सिडनी' म्हणाला होता आणि उरलेला तास बाकावर उभा होता. आज तो त्याच राजधानीत घर घेऊन राहतो. ज्या हुशार मुलानं हात वर करून बरोबर उत्तर दिलं होतं, तो दोंडाईच्याला मिरचीची अडत चालवतो आणि भेटला की विचारतो, "सर, ती व्हिएन्ना नेमकी कुठं आली हो?"

तर एकदा जिभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सर, सूनबाई रोज दुसऱ्या देशात कामाला जाते आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावते."

मला वाटलं, तंबाखू चढली. पण गोष्ट खरी होती. व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी, ब्रातिस्लाव्हा ही शेजारच्या स्लोव्हाकियाची. आणि दोहोंमधलं अंतर सरळ रेषेत पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. रेल्वेनं तासाभराची वाट. हौस असली तर डॅन्यूबमधून बोटही जाते. १९१४ साली या दोन शहरांमध्ये विजेची गाडी सुरू झाली होती. पुढं महायुद्धं झाली, सरहद्दीवर काटेरी तारा आल्या, १९८९ साली त्या निघाल्या, आणि २००७ च्या अखेरीस स्लोव्हाकिया शेंगेनच्या खुल्या सरहद्दींत आल्यापासून तर तिथं कायमची नाकंही उरली नाहीत. सूनबाई डब्यात बसते, मोबाइल काढते, आणि मान वर करते तेव्हा देश बदललेला असतो.

"आणि आपलं धुळं?" जिभाऊंनी विचारलं.

"सरळ रेषेत चाळीस-एक किलोमीटर."

"म्हणजे व्हिएन्नाला ब्रातिस्लाव्हा आहे त्याहून जवळ!"

"हो."

"देश तोच?"

"तोच. राज्य तेच. जिल्हासुद्धा तोच."

जिभाऊंनी तंबाखू दाढेखाली सारली, जरा विचार केला आणि म्हणाले, "मग आपण तिथं पोचत का नाही?"

प्रश्न रास्त होता. शिंदखेड्याला रेल्वे आहे, धुळ्यालाही रेल्वे आहे. आमची ताप्ती व्हॅलीची, धुळ्याची चाळीसगाव फाट्याची. आणि दोन्ही व्हिएन्नाच्या त्या विजेच्या गाडीहून वयानं मोठ्या. फक्त या दोघींची आजतागायत एकमेकींशी गाठ पडलेली नाही. शिंदखेड्याहून धुळ्याला रुळांवरूनच जाईन असा कुणी पण केला, तर त्यानं आधी जळगावला जायचं, तिथून चाळीसगावला आणि तिथून मागं वळून धुळ्याला. चाळीस किलोमीटरवरच्या गावासाठी अडीचशे किलोमीटरच्या घरात प्रवास. पृथ्वी गोल असल्याचे जे पुरावे मी वर्गात देत असे, त्यांच्यापेक्षा हा कितीतरी पटण्यासारखा आहे.

मुंबईचंही तेच. ती आमच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत जेमतेम तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे लंडनला पॅरिस जेवढं, त्याहून आम्हांला मुंबई जवळची. पण खान्देश एक्स्प्रेस मुंबईला जाते ती आधी सुरतेला पायधूळ झाडून. शेजारच्या राज्याची खुशाली विचारल्याशिवाय आमच्याकडून राजधानीला कुणी जात नाही.

राहता राहिला रस्ता. रस्त्यावर काळी-पिवळी जीप. ही जीप कधी निघते हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ती निघत नाही, भरते. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला चार, मधल्या शीटवर पाच, मागं समोरासमोर गुडघे अडकवून किती ते मोजता येत नाही कारण मोजणाऱ्याला मान वळवता येत नाही. तरीही ती रिकामीच असते.

"गाडी कव्हय निंघी भो?" जिभाऊ विचारतात.

"आते निंघी, जिभाऊ. दोनच शीट बाकी शेतस."

हे 'दोनच शीट' अमर आहेत. दोन आले तरी दोन उरतात, बाजाराहून पाच आले तरी दोनच उरतात. शेवटी बायाबापड्या कुरकुरायला लागल्या, एखादा तरणा उतरून दुसऱ्या जीपकडं बघायला लागला, की ड्रायव्हर आपला ठेवणीतला डाव काढतो. तो आत बसतो. किल्ली फिरवतो. जीप खोकते, अंगभर थरथरते, समोरच्या काचेपाशी टांगलेली एकवीरादेवीची तसबीर डुलायला लागते. मागचा पोरगा पत्र्यावर दोन थापा मारून "धुळा धुळा धुळाऽऽ" असा गळा काढतो. जीप दहा फूट पुढं सरकते. चहाच्या टपरीवरचे लोक अर्धे ग्लास टाकून धावत सुटतात, मिळेल त्याच्या मांडीवर बसतात, कुणाची पिशवी बाहेर, कुणाची चप्पल बाहेर. मग जीप दहा फूट मागं येते, इंजिन बंद होतं, आणि ड्रायव्हर चहा प्यायला उतरतो.

ही कला फक्त आमच्या खान्देशातली, असा माझा समज होता. तो जिभाऊंनी मोडला. ॲपमध्ये डोकं घालून बसता बसता त्यांना एक गोष्ट दिसली. लंडन-पॅरिस विमान हवेत असतं तासाभरापेक्षा कमी. मग वेळापत्रकात सव्वा तास कशाला? मी मुलाला फोन लावून दिला. मुलानं उलगडा केला. विमानाचा वेळ मोजतात तो गेटपासून गेटपर्यंत. गेटपासून मागं ढकललं, की ते 'निघालं' अशी नोंद होते. मग ते धावपट्टीच्या रांगेत अर्धा तास का उभं राहीना, कागदोपत्री निघालेलंच. शिवाय पंधरा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. आणि रांगेत, वाऱ्यात, गर्दीत वेळ जाणारच म्हणून कंपन्या मुळातच पाच-दहा मिनिटं वाढवून लिहितात. जागा मिळाली तर विमान 'वेळेआधी' उतरतं, लोक कौतुकानं एकमेकांकडं बघतात.

"म्हणजे दहा फूट सरकवलं की झालं?" जिभाऊंनी विचारलं.

"साधारण तसंच, बाबा."

जिभाऊ तडक स्टँडवर गेले. ड्रायव्हर बॉनेटवर बसून भजी खात होता. जिभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू तं इंटरनॅशनल शेस रे भो!"

ड्रायव्हरनं भजं गिळलं आणि म्हणाला, "बठा. दोनच शीट बाकी शेतस."

इतिहासाच्या शिक्षकांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, आमच्या तालुक्याच्या नावावर वेळेवर गाडी मिळाल्याची एक तरी नोंद आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडं सरकारी खजिना घेऊन जाणारी गाडी सातारच्या प्रतिसरकारातल्या आणि खान्देशातल्या क्रांतिकारकांनी चिमठाण्यापाशी अडवली आणि साडेपाच लाखांचा खजिना लुटला. इतक्या लांबून आलेली माणसं चिमठाण्याच्या रस्त्यावर गाडीची वेळ अचूक साधतात, याचं आम्हांला खजिन्यापेक्षा जास्त नवल वाटतं. त्या गाडीची वाट आम्ही बघत बसलो असतो, तर इंग्रज कंटाळून आपणहून गेले असते.

जिभाऊंनी आता शंभर पानी वही घातली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं लाडकं उड्डाण आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे बेटावरून पापा वेस्ट्रे बेटावर रीतसर प्रवासी विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं. वारा चांगला मिळाला तेव्हा ते ५३ सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे.

"५३ सेकंदांत आपल्या जीपचं दार लागत नाही," जिभाऊ म्हणाले.

दुसऱ्या पानावर माद्रिद ते लिस्बन. इथं जिभाऊ काही दिवस फारच हवालदिल होते. विमान माद्रिदहून सकाळी आठला निघतं आणि लिस्बनला सव्वाआठ-साडेआठच्या सुमाराला उतरतं. पाचशे किलोमीटर पंधरा-वीस मिनिटांत! मी फळा नसल्यामुळं भिंतीवरच कोळशानं रेखावृत्तं काढली आणि स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या तासभर पुढं असतं हे समजावलं. जाताना एक तास फुकट मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो. म्हणून येताना घड्याळात सव्वादोन तास जातात. जिभाऊंना काही केल्या पटेना. आतून वहिनींचा आवाज आला, "त्यात काय कळायचं? माहेरच्या रस्त्यासारखं आहे. जाताना पंधरा मिनिटं, येताना सव्वादोन तास." आयुष्यभर मी रेखावृत्तं शिकवली, इतकी सोपी करून मला कधी सांगता आली नाहीत. भिंत मात्र मलाच पुसावी लागली.

याच दोन राजधान्यांमध्ये थेट रेल्वे नाही, हे कळल्यावर जिभाऊंचा चेहरा उजळला. पूर्वी रात्रीची एक गाडी होती, ती २०२० साली बंद पडली. आता विमानात बसायचं नसेल तर वाटेत गाड्या बदलत बदलत जा. दिवस त्यातच जातो. "म्हणजे तिकडंही फाटे आहेत!" जिभाऊ म्हणाले. एवढं समाधान त्यांना मुलाच्या बढतीनंही झालं नव्हतं.

फ्रान्सच्या पानावर मात्र ते अडखळले. रेल्वे अडीच तासांच्या आत पोचवत असेल, तर त्या मार्गावर विमान उडवायचं नाही, असा नियम तिथं २०२३ पासून लागू झाला. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लिआँ, नाँत आणि बोर्दो इथं जाणारी उड्डाणं त्यात गेली. हवा खराब होते म्हणून.

"आपण तर त्यांच्या पुढं आहोत," जिभाऊ म्हणाले. "आपल्याकडं रेल्वे पोचत नसली तरी विमान बंद."

तसं आमच्या आकाशात विमान दिसत नाही असं नाही. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांड्याला आहे. तिथं वैमानिक शिकतात. शिकाऊ वैमानिक विमान वर नेतो, तापीवरून दोन चकरा मारतो, केळीच्या बागा बघतो आणि जिथून उडाला तिथंच उतरतो. जिभाऊंच्या वहीत त्याचीही नोंद आहे: 'शिरपूर-शिरपूर. ० किलोमीटर. १ तास.' त्यापुढं शेरा: 'वेळेवर.'

खरं प्रवासी विमान म्हणाल तर जळगावला. २०१२ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्या हस्ते त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. जिल्हा त्यांचाच, त्यामुळं आम्हांला वाटलं, आता काय, घरचीच गाडी. २०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं. मग थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं, पुन्हा निघालं. शिंदखेड्यापासून जळगाव सरळ रेषेत नव्वद किलोमीटर. सुरत आणि इंदूर दोन्ही दोनशेच्या आसपास. नाशिकचं ओझर आणि छत्रपती संभाजीनगर खालच्या अंगाला. नकाशावर पाहिलं तर आम्ही पाच विमानतळांच्या मध्ये आहोत. जिकडं जावं तिकडं लांबच.

"पण हे विमानतळवाले बोलतात एक आणि असतात भलतीकडंच," असं मुलानंच एकदा सांगितलं. झालं होतं असं, की त्यानं बायकोला घेऊन पॅरिसला जायचं ठरवलं. स्वस्त तिकीट मिळालं, व्हिएन्नातलं जेवण त्याहून महाग पडावं इतकं स्वस्त. विमानाला लागणारा वेळ दोन तास. तेवढंच त्यानं बापाला सांगितलं होतं आणि तेवढंच बापानं साऱ्या गावाला. बाकीचं हळूहळू बाहेर आलं.

विमान व्हिएन्नाहून नव्हतंच, ब्रातिस्लाव्हाहून होतं. म्हणून दोघं पहाटे चारला उठले. दुसऱ्या देशात गेले. दोन तास आधी पोचले. तिथं पट्टा काढला, बूट काढले, घड्याळ काढलं, आणि मग सुरक्षा तपासणीत वहिनींनी दिलेला ठेचा निघाला. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव पदार्थ नेता येत नव्हता. ठेचा द्रव आहे की घन, यावर तिथं खल सुरू झाला. एका अधिकाऱ्यानं बरणी तिरकी करून पाहिली. ठेचा हलला नाही. म्हणजे घन. दुसऱ्यानं झाकण उघडून जवळून वास घेतला. त्यानंतर त्याच्या डोळ्यांतून जे वाहिलं ते निश्चितच द्रव होतं. बरणी जप्त झाली.

मग विमान उडालं आणि खरोखरच दोन तासांत 'पॅरिसला' उतरलं. फक्त ते पॅरिस म्हणजे बोव्हे निघालं. पॅरिसपासून ऐंशीहून जास्त किलोमीटर लांब. तिथून बसनं सव्वा तास, मग मेट्रो. घराचं कुलूप लावल्यापासून आयफेल टॉवर दिसेपर्यंत दुपार कलंडली होती. फ्रँकफर्टच्या नावानं तर हान नावाचं एक विमानतळ आहे, ते गावापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

"आणि आता कुणी विचारलं, पॅरिसला किती वेळ लागतो, तर काय सांगतोस?" मी विचारलं.

"दोन तास, सर," तो म्हणाला. "तिकिटावर तेच आहे."

जिभाऊंना यात मोठी संधी दिसली. नरडाणा स्टेशनवर 'मुंबई (उत्तर)' अशी पाटी लावावी, तांड्याच्या धावपट्टीला 'इंदूर (दक्षिण)' म्हणावं आणि शिंदखेड्याला 'जळगाव सिटी सेंटर'. मी म्हणालो, लोक फसतील. जिभाऊ म्हणाले, "जीपमध्ये बसताना कोण नाही फसत? बसतातच ना?"

नरडाण्याचं नाव निघालं की जिभाऊ वेगळ्याच उत्साहात येतात. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी. मार्ग धुळ्यावरून आमच्या तालुक्यातल्या नरडाण्याला येणार आणि पुढं सेंधव्याकडं सातपुडा चढणार. म्हणजे त्या दोन जन्माच्या अनोळखी रेल्वेंची शेवटी गाठ पडणार. नरडाण्याचं जंक्शन होणार! जिभाऊंनी वहीत धुळे-नरडाणा, नरडाणा-इंदूर अशा वेळा लिहूनही टाकल्या, सूनबाईंच्या गाडीसारख्या मिनिटांसकट: ५ वाजून १६, ६ वाजून ४३.

"कधी सुरू होणार?" वहिनींनी विचारलं.

"२०२८-२९ पर्यंत."

"म्हणजे दोनच शीट बाकी आहेत," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

अशात मुलानं तिकिटं पाठवली. जिभाऊ आणि वहिनी व्हिएन्नाला. गावात बातमी फुटली तशी ओट्यावर सल्ल्यांची रीघ लागली. सामान तेवीस किलोच्या वर नको, हे मुलानं बजावलं होतं, म्हणून बॅग धान्याच्या दुकानातल्या काट्यावर चढली. कळण्याचं पीठ, बिबडे, दोंडाईच्याची मिरची, शेवभाजीचा मसाला, तुरीची डाळ. काटा एकोणतीसवर गेला. दुकानदार म्हणाला, "जिभाऊ, घरचं गिऱ्हाईक, म्हणून तेवीस लिहून देतो." त्याला समजावता समजावता संध्याकाळ झाली. शेवटी जिभाऊंचा स्वेटर निघाला आणि बिबडे राहिले. ऑस्ट्रियात थंडी असते, हे मी भूगोलाचा माणूस म्हणून सांगून पाहिलं. "थंडी सोसवते," वहिनी म्हणाल्या, "पोराला बिबडे कुठं मिळतात तिथं?" ठेच्यासाठी त्यांनी शंभर मिलिलिटरच्या लहान लहान बाटल्या जमवल्या होत्या. त्या पूर्वी खोकल्याच्या औषधाच्या होत्या. लेबलं तशीच.

धुळ्यापर्यंत मी सोबत जायचं ठरलं. वाट माहीत असलेला माणूस बरोबर असावा, असं वहिनींचं मत. वाट एकच आहे, हे माझं मत कुणी विचारलं नाही. विमान दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतरचं, तरी जिभाऊंनी आदल्या सकाळी उन्हं चढायच्या आत बॅगा जीपच्या टपावर चढवल्या. आम्ही बसलो. माझ्या मांडीवर एक पोतं, पोत्यावर एक पोरगा, पोराच्या हातात कोंबडी. जीपनं दहा फूट पुढं जाऊन दहा फूट मागं येण्याचा विधी दुपारपर्यंत अनेकदा पार पाडला. ड्रायव्हर उतरला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो कामासाठी लंडनला गेला होता आणि आदल्या रात्रीच परतणार होता. जिभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, कुठपर्यंत आलात?"

जिभाऊंनी बाहेर पाहिलं. समोर आमच्याच गावच्या टपरीवर ड्रायव्हर बशीत चहा ओतून फुंकत होता. "हे काय, सोनगीर मागं टाकलं," जिभाऊ शांतपणे म्हणाले. "धुळं आलंच. आणि तू?"

"मी ना, घरीच पोचलो. दारातच आहे. पाच मिनिटांत फोन करतो."

फोन बंद झाला. जिभाऊंनी चष्मा पुसला, ॲप उघडलं, बोटानं इंग्लंड मोठं केलं आणि पडदा माझ्यापुढं धरला. मुलाचं विमान लंडनमध्येच उभं होतं. गेटपासून जरासं पुढं सरकलेलं. पुढं सात विमानांची रांग.

"दारात म्हणे," जिभाऊ म्हणाले.

"मग त्याला सांगा ना, तुम्हांला सगळं दिसतंय म्हणून."

"छे हो, सर. त्याला कशाला दुखवायचं?" त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "आणि उद्या त्यानं जीपचं ॲप शोधून काढलं म्हणजे?"